पाठीतलं पाणी काढायचं म्हणतात तेव्हा

"पेशंटच्या पाठीतलं पाणी काढून तपासावं लागेल, या कागदावर सही करा." वॉर्डातल्या डॉक्टरांनी एवढं म्हटलं की बीड जिल्ह्यातल्या नांदूरघाट, केजकडचा नातेवाईक आधी खिशातला फोन काढतो. एक फोन गावाकडं जातो, एक मामाला, एक पुण्यात कंपनीत असलेल्या चुलतभावाला. तिन्हीकडून उत्तर एकच येतं, "पाठीला सुई लावू देऊ नका, माणूस पुन्हा उठत नाही." मग सही राहून जाते, रात्र निघून जाते आणि सकाळच्या राउंडला तोच विषय पुन्हा निघतो. त्या वाया गेलेल्या रात्रीसाठी हा लेख लिहितो आहे. ही तपासणी ज्या आजारांत सांगतात, त्यातल्या बऱ्याच आजारांत उशिराची किंमत रुग्णाच्या जिवाला, नाहीतर हातापायाला मोजावी लागते.

आधी हे पाणी कुठलं, ते पाहू. आपला मेंदू आणि मणक्यातून खाली जाणारी मज्जारज्जूची दोरी एका स्वच्छ, पाण्यासारख्या द्रवात असतात. मोठ्या माणसाच्या अंगात हा द्रव एका वेळी साधारण १५० मिली असतो आणि शरीर दिवसभरात जवळपास ५०० मिली नवा तयार करतं. तपासणीला घेतात तो साधारण १० मिली, म्हणजे दोन चहाचे चमचे. क्षयाची शंका असेल तर जंतू सापडण्याची शक्यता वाढावी म्हणून थोडा जास्त घेतात. तासाला सुमारे २० मिली या वेगाने काढलेलं पाणी अर्ध्या-पाऊण तासात भरून निघतं. "अंगातलं पाणी काढून माणूस वाळवला" असं जे बोललं जातं, त्याला या हिशोबात कुठं जागा नाही.

मेंदूला सूज आहे की नाही, ती कोणत्या जंतूमुळे आहे, हे रक्त तपासून नीट कळत नाही. मेंदूभोवतालच्या पाण्यात मात्र त्याचा पुरावा असतो. जर्मनीतल्या कील शहरात हाइनरिश क्विंके यांनी १८९१ मध्ये ही पद्धत मांडली. आज सीटी स्कॅन, एमआरआय सगळं आलं, तरी मेंदूज्वराच्या निदानात हिची जागा कशानेही घेतलेली नाही. स्कॅनमध्ये सूज दिसेल, पाणी साचलेलं दिसेल. जंतू दिसत नाही.

आता भीतीकडे येऊ, कारण खरी अडचण तिथंच आहे. "सुई मज्जारज्जूला लागली तर लुळेपणा येईल" ही शंका मुळीच अडाणी नाही, प्रत्येकाने विचारावी अशी आहे. उत्तर असं, की मोठ्या माणसात मज्जारज्जूची दोरी कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपते. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या फटीत घालतात. कमरेवर दोन्ही हात ठेवून उभं राहिल्यावर बोटांखाली जी हाडं लागतात, त्यांना जोडणारी आडवी रेघ पाठीवर मनात ओढा. डॉक्टर त्याच रेघेच्या आसपास बोटाने चाचपून जागा ठरवतात. तिथं आत दोरी नसते, पायाकडे जाणाऱ्या नसांचे सुटे धागे पाण्यात असतात आणि विहिरीतलं शेवाळ काठी लागताच बाजूला सरावं तसे ते सुईपुढून सरकतात. लहान बाळात दोरी थोडी खालपर्यंत असते, म्हणून बाळाला सुईही आणखी खालच्या फटीत देतात.

आणखी एक गोष्ट गावातच पडताळून पाहता येईल. सिझरच्या वेळी कमरेखालचा भाग बधिर करायला बहुतेक वेळा जी सुई देतात, ती याच भागात, याच पाण्यात देतात. फरक इतकाच, की तिथं औषध आत सोडतात आणि इथं पाणी बाहेर घेतात. गल्लीत सिझर झालेली बाई नाही असं गाव आता शोधूनही सापडणार नाही. त्या बाया चालतात, खुरपायला जातात, कडेवर लेकरं घेतात. "सिझरच्या सुईपासून कंबर धरली" असं त्यातल्या काही जणी सांगतात. सुईच्या जागेवर दोन-चार दिवस, क्वचित आठवडाभर ठणका राहतो, हे खरं आहे. पण वर्षानुवर्षांची कंबरदुखी त्या सुईमुळे असते, हे अभ्यासांत दिसून आलेलं नाही. बाळंतपणानंतर लगेच उचललेली ओझी आणि न मिळालेली विश्रांती यांच्याकडे कुणी बोट दाखवत नाही, हे मला जास्त खुपतं.

मग "पाणी काढलं आणि माणूस गेला" हे कुठून आलं? ही तपासणी ज्यांना सांगतात, त्यातले कित्येक जण आधीच अत्यवस्थ असतात. शुद्ध हरपलेली, झटके थांबत नसलेले. त्यात सही मिळायला दोन-तीन दिवस गेलेले. अशा रुग्णाचा मृत्यू झाला की आजाराचं नाव कुणाच्या लक्षात राहत नाही, सुई राहते. आणि ती गोष्ट सांगणारा पुढच्या घराला सही करू देत नाही, तिथंही उशीर होतो. हे चक्र थांबवायला हवं.

धोका अजिबात नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. मेंदूत मोठी गाठ किंवा एका बाजूला मोठी सूज असेल तर पाणी काढल्यावर आतला दाब बिघडून जीव धोक्यात येऊ शकतो. म्हणून शुद्ध कमी असेल, एक बाजू लुळी पडली असेल, नुकतेच झटके आले असतील किंवा डोळ्याच्या पडद्याला सूज दिसत असेल तर आधी सीटी स्कॅन करतात. रक्त गोठण्यात दोष असेल किंवा प्लेटलेट फार कमी असतील तर मणक्यात रक्तस्राव होण्याची भीती असते. सुईच्या जागीच गळू किंवा फोड असेल तर तिथून सुई घालत नाहीत. जंतू आत जाणं किंवा रक्तस्रावाने पायावर परिणाम होणं हे घडू शकतं, पण फार क्वचित. संमतीपत्रावर हे सगळं लिहिलेलं असतं, कारण ते सांगणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. सही म्हणजे रुग्णाची आशा सोडली, असा तिचा अर्थ नाही.

सही करण्याआधी प्रश्न जरूर विचारा. कोणत्या आजाराची शंका आहे? आधी स्कॅन लागेल का, नसेल तर का नाही? रक्ताचे रिपोर्ट पाहिलेत का? पाणी मिळेपर्यंत औषध सुरू आहे ना? यातला शेवटचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. जंतूंच्या मेंदूज्वराची दाट शंका असेल तर स्कॅन किंवा सुई यांची वाट न पाहता अँटिबायोटिक सुरू करायचं असतं. उत्तरं मिळाली, की मग फोनवर वेळ घालवू नका.

आपल्या भागात ही तपासणी सर्वाधिक महत्त्वाची ठरते ती मेंदूच्या क्षयात, म्हणून त्यावर थोडं थांबतो. हा आजार दबक्या पावलांनी येतो. दोन-तीन आठवडे बारीक ताप, डोकं दुखणं, मधूनच उलटी. लेकरू असेल तर किरकिर करतं, जेवत नाही, खेळायचं सोडतं, वजन उतरतं. घरचे गोळी आणतात, ताप उतरतो, पुन्हा येतो. मग कुणी म्हणतं बाहेरचं झालंय, अंगारा लावला जातो. पुढे डोळे तिरळे दिसू लागतात, गुंगी येते, आकडी येते आणि मग "ताप मेंदूत गेला" म्हणून धावपळ सुरू होते. उपचार गुंगी येण्याआधी सुरू झाला तर रुग्ण धडपणे घरी येण्याची शक्यता चांगली असते. बेशुद्धीनंतर सुरू झाला तर जीव वाचला तरी नजर, ऐकणं, चालणं यांपैकी काही गमावण्याची भीती मोठी. बीसीजीची लस लहान मुलांना याच रूपापासून बऱ्यापैकी वाचवते, पण सगळ्यांना नाही आणि मोठेपणी तर नाहीच. तेव्हा दोन आठवड्यांवर चाललेला ताप आणि डोकेदुखी, त्यात उलट्या असतील तर अंगाऱ्याबरोबर का होईना, पण दवाखाना गाठाच.

दुसरा आजार २०२५ च्या जानेवारीत घरोघरी माहीत झाला. पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या भागात गुलेन बारी सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले आणि दूषित पाण्याची चर्चा झाली. बीड जिल्ह्यातली कितीतरी पोरं पुण्यात राहतात, त्यामुळे इकडच्या आयांची झोप उडाली होती. या आजारात पायांपासून वर चढत जाणारा अशक्तपणा येतो. पाठीतल्या पाण्यात प्रथिनं वाढलेली आणि पेशी मात्र जवळपास नेहमीएवढ्या, अशी खूण मिळते. पहिल्या आठवड्यात ती खूण मिळाली नाही तरी आजार नाही, असं समजत नाहीत. इथं एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. पायातली ताकद आजाराने गेलेली असते, पाणी नंतर काढतात. आधी काय होतं आणि नंतर काय झालं, हे गावाकडं सांगताना उलटंपालटं करू नये.

नांदूरघाटहून जायचं कुठं? मेंदूज्वराची शंका असेल तर १०८ ला फोन करा, रुग्णवाहिका फुकट असते. केजच्या उपजिल्हा रुग्णालयात पहिला उपचार आणि सलाइन होईल. ही तपासणी आणि त्यामागचे सगळे रिपोर्ट मात्र अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात पाहावे लागतात. अंबाजोगाईचं हे महाविद्यालय १९७४ सालचं, आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ओळखलं जातं. आपल्या लोकांच्या तोंडी ते 'स्वाराती'. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर घ्या, तिथं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र असतो. कोणता आजार योजनेत बसतो, ते तो सांगतो. जुने रिपोर्ट, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या आणि मुलांच्या लसीकरणाचं कार्ड एका पिशवीत घालून न्या.

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगायच्या गोष्टी या: रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, जखम झाली की रक्त लवकर थांबत नाही असं आहे का, बधिर करायच्या इंजेक्शनची ॲलर्जी आहे का, पाठीचं ऑपरेशन झालंय का, बाई गरोदर आहे का. हृदयासाठी घेतलेली गोळी परस्पर बंद करू नका, तो निर्णय डॉक्टरांचा. उपाशी राहायची सहसा गरज नसते. सीटीचं रंगीत इंजेक्शन किंवा गुंगीचं औषध द्यायचं असेल तर ते वेगळं सांगतात.

आता प्रत्यक्ष काय होतं ते. बहुतेक वेळा खाटेवरच करतात, ऑपरेशन थिएटर लागत नाही. रुग्णाला कुशीवर झोपवतात, गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी, पाठ बाहेर काढून. काही वेळा बसवून पुढे उशीवर वाकायला लावतात. ही वाकलेली ठेवण म्हणजे अर्धं काम. पाठ वाकली की मणक्यांच्या फटी उघडतात आणि सुई पहिल्याच प्रयत्नात जाते. पाठ ताठ राहिली तर हाड लागतं, सुई काढून पुन्हा घालावी लागते, आणि दोनदा-तीनदा टोचलं की बाहेर बसलेल्यांना वाटतं डॉक्टर शिकाऊ आहे.

मग पाठीवर औषध पुसतात, ते गार लागतं. छिद्र असलेलं हिरवं किंवा निळं कापड टाकतात. बधिर करायचं इंजेक्शन देतात. सगळ्यात जास्त जळजळ या इंजेक्शनची होते, दहा-पंधरा सेकंदांची. नंतर जी सुई जाते तिचा दाब जाणवतो, टोचणं फारसं नाही. एखाद्या वेळी एका पायात वीज गेल्यासारखी चमक येते. तेव्हा हलू नका, ओरडून उठू नका, फक्त "उजव्या पायात चमक आली" असं सांगा. डॉक्टर सुईची दिशा बदलतात, चमक जाते. सुईच्या आतली बारीक तार बाहेर काढली की मागच्या टोकाला थेंब जमतो, पडतो, दुसरा जमतो. सिरिंजने ओढत नाहीत. थेंब आपापले पडू देतात, म्हणून तीन-चार छोट्या बाटल्या भरायला काही मिनिटं लागतात. कधी आधी काचेची किंवा प्लास्टिकची उभी नळी जोडून आतला दाब मोजतात, तेव्हा पाय सैल सोडून शांत श्वास घ्यायला सांगतात. सगळं मिळून वीस मिनिटं, अर्धा तास. शेवटी कापूस दाबून पट्टी.

लहान लेकराच्या वेळी आईबापाला बाहेर थांबायला सांगतात, ते मनाला फार लागतं. आत सिस्टर लेकराला दोन्ही हातांनी वाकवून घट्ट धरते आणि ते रडतं मुख्यतः या धरण्यामुळे. बाहेरून दार वाजवल्याने आतल्या माणसाचा हात हलतो. "मला आत येऊन त्याच्या डोक्याशी बसू द्या, मी हलणार नाही," असं शांतपणे विचारलं तर पुष्कळ ठिकाणी येऊ देतात. स्वतःला चक्कर येत असेल तर लेकराच्या मावशीला, आत्याला पाठवा.

नंतर काही तास पडून राहायला सांगतात. खूप वेळ पडून राहिल्याने डोकेदुखी टळते, असं अभ्यासांत सिद्ध झालेलं नाही. म्हणून रुग्ण दोन तासांनी बाथरूमला उठला तर घरच्यांनी त्याच्यावर ओरडू नये. डोकेदुखीचं म्हणाल, तर ती होऊ शकते आणि तिची ओळख सोपी आहे. बसलं-उठलं की दुखतं, आडवं झालं की थांबतं. बहुधा पहिल्या दोन दिवसांत सुरू होते. सुईच्या छिद्रातून थोडं पाणी झिरपत राहिल्यामुळे ती होते. नव्या, पेन्सिलीच्या टोकासारख्या सुईने हे प्रमाण बरंच कमी होतं; २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात आलेल्या मोठ्या आढाव्यात जुन्या सुईने ११ टक्के आणि नव्या सुईने सुमारे ४ टक्के लोकांना ती झाल्याचं दिसलं. "बारीक, बोथट टोकाची सुई मिळेल का?" एवढं विचारायला हरकत नाही. दुखलं तर आडवं पडावं, पाणी प्यावं, चहा-कॉफी चालते, पॅरासिटामॉल घ्यावी. बहुतेकांना आठवड्याभरात आराम पडतो. नाहीच थांबली, तर रुग्णाचंच थोडं रक्त त्या जागी सोडून छिद्र बंद करायचा उपाय मोठ्या रुग्णालयात आहे.

सुट्टी मिळाल्यावर गावाकडं मोटारसायकलवर मागं बसून येऊ नये. जीपमध्ये सीट मागं पाडून, नाहीतर एसटीत आडवं होता येईल अशी जागा बघून यावं. पट्टी दुसऱ्या दिवशी काढून आंघोळ करावी. त्या जागेवर हळद, चुना, बाम काहीही लावू नये. दोन-चार दिवस पोतं, हंडा, उसाची मोळी उचलू नये. आणि पुढचं काही दिसलं तर त्याच दिवशी परत दवाखाना: पायातली ताकद कमी होणं, दोन्ही मांड्यांत बधिरपणा, लघवी अडणं, पट्टीतून पाणी किंवा रक्त येत राहणं, नवा ताप, मान ताठणं, आडवं पडूनही न थांबणारी डोकेदुखी.

रिपोर्ट एकदम येत नाही. पेशी, साखर, प्रथिनं त्याच दिवशी कळतात. साखर रक्तातल्या साखरेशी ताडून पाहतात, म्हणून त्याच सुमाराला हातातून रक्तही घेतात; "पुन्हा सुई कशाला" म्हणून ते नाकारू नका. निरोगी पाण्यात पेशी पाचापर्यंत, प्रथिनं साधारण १५ ते ४५ मिलिग्रॅम, साखर रक्ताच्या दोन तृतीयांशाच्या आसपास. क्षयात पेशी आणि प्रथिनं वाढतात, साखर उतरते. पाणी बाटलीत अगदी निर्मळ दिसत असलं तरी आत आजार असू शकतो, त्यामुळे रंगावरून अंदाज बांधू नये. पहिल्या बाटलीत लालसर आणि पुढच्यांत स्वच्छ होत गेलं तर ते सुईने फुटलेल्या बारीक नसेचं रक्त असतं. क्षयाच्या जंतूसाठी सीबीनॅट यंत्रावर काही तासांत उत्तर मिळतं, सरकारी यंत्रणेत ही तपासणी मोफत आहे. कल्चरला मात्र कित्येक आठवडे लागतात. सीबीनॅट निगेटिव्ह आलं म्हणजे मेंदूचा क्षय नाही, असं ठरत नाही. पाण्यात जंतू इतके थोडे असतात की ते यंत्राच्या हाती लागतीलच असं नाही. अशा वेळी डॉक्टर लक्षणं, स्कॅन आणि बाकीचे आकडे पाहून औषध सुरू करतात. "निगेटिव्ह असूनही टीबीच्या गोळ्या दिल्या" म्हणून त्या बंद करणं ही मोठी घोडचूक ठरते. काही आठवड्यांनी पुन्हा पाणी काढायला सांगितलं, तर औषध लागू पडतंय का हे पाहण्यासाठी ते असू शकतं.

मेंदूच्या क्षयाचं औषध ९ ते १२ महिने चालतं, आणि इथं आपल्या तालुक्याची खरी अडचण येते. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. उचल घेतलेली असते, मुकादम थांबत नाही, कोपी कधी पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यावर पडते, कधी कर्नाटकात. लेकरू दोन महिन्यांत बरं दिसायला लागतं आणि गोळ्या गावातच राहतात. तेव्हा निघण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन आशाताईंना, क्षयरोगाच्या कर्मचाऱ्यांना कुठल्या कारखान्यावर जाणार ते सांगा. रुग्णाचा निक्षय क्रमांक मोबाइलमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडं लिहून घ्या. त्यावर देशातल्या कोणत्याही सरकारी क्षयरोग केंद्रात उपचार पुढे सुरू ठेवता येतात आणि पोषण आहाराचे महिन्याचे १,००० रुपयेही त्याच नोंदीवर खात्यात येतात. पाण्याच्या रिपोर्टची आणि डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घालून बरोबर ठेवा. फडात पुन्हा ताप आला, आकडी आली, तर तिथल्या अनोळखी डॉक्टरांच्या हातात सगळ्यात आधी ती द्या.